"एकटीच?"

गेली तीन वर्षं बहुतेक रविवारी पहाटे मी नाशिकजवळच्या रामशेज गडावर एकटी जाते, आणि तीन वर्षं तोच प्रश्न ऐकतेय. सोसायटीतल्या काकू विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा तर पेट्रोल भरणाऱ्या पोराने विचारलं, "मॅडम, एकट्याच?" मग बिबट्याची भीती. अहो, बिबट्या आता नाशिकच्या कॉलन्यांत फिरून जातो. त्याच्यासाठी गड कशाला चढायला हवा!

एप्रिलमध्ये रामशेज म्हणजे पिवळं गवत आणि काळा कातळ, झाड अगदी नावाला. बाजूला देहेर, भोरगड आहेत, पण हा आपला फटकूनच उभा. एवढ्याशा या गडाने 1682 पासून पाच वर्षांहून जास्त काळ औरंगजेबाच्या फौजेला दाद दिली नाही. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकडाच्या करून डागल्या, असं खुद्द मुघलांकडच्या खाफीखान या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. पहाटे तिथे टेकून बसलं की हे खरं वाटतं. सोबत दहाजण आणि एक ब्लूटूथ स्पीकर असेल तर नाही वाटत. एवढ्याचसाठी मी एकटी जाते.

पण फजिती माझीही झालीय. मागच्या वर्षी चोर दरवाज्यापाशी रेंगाळले. साडेनऊ वाजले, बाटली रिकामी, उतरताना डोळ्यांपुढे अंधारी. एका कपारीच्या वीतभर सावलीत पाय पोटाशी घेऊन बसले. तेव्हा बिबट्या आठवला नाही, माणूस आठवला नाही. आठवलं एवढंच, की मी इथे आहे हे कुणालाच माहीत नाही. घरी वाटत होतं, मी भाजी आणायला गेलेय.

कशीबशी पायथ्याच्या आशेवाडीत उतरले. तिथे शेळ्या घेऊन निघालेल्या एका आजींनी तांब्याभर पाणी दिलं आणि झापलं. "एकली गेली त्याचं काय नाय. पन कवा उतरशीन ते सांगून जायचं ना माय!"

तेव्हापासून बायकांना "एकटीच?" विचारणाऱ्यांचा मला राग येतो. त्या प्रश्नात काळजी कमी आणि परवानगी जास्त असते. पुरुषाला कुणी विचारतं का? काळजीच असेल तर विचारा ना, पाणी किती घेतलंस, खाली किती वाजता येशील, उशीर झाला तर फोन कुणाला करू. आता पायथ्यावरून नवऱ्याला मेसेज टाकते, "चढतेय. साडेआठपर्यंत फोन आला नाही तर निघ." तो झोपेतच अंगठा पाठवतो. दोन लिटर पाणी पाठीवर. आणि आजी दिसल्या तर त्यांनाही सांगते, "आठपर्यंत येते हां."

काल सव्वाआठ झाले. आजींकडे घड्याळ नाही. पण मी दिसल्याबरोबर त्यांनी काठीने समोरच्या पायरीकडे बोट केलं. "ऊन कुठवर आलं बघ."