सुई, रक्ताचं पॅकेज आणि एफआयआर : एका फॉरवर्डची झाडाझडती

सोलापुरातल्या बचत गटांच्या, सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं : काही दुखत नसताना कॅन्सरची तपासणी करणं म्हणजे हॉस्पिटलांचा धंदा. गाठीला तपासणीची सुई लावली की ती पसरते. तपासायचंच असेल तर रक्ताचं पॅकेज करा, सगळे कॅन्सर कळतात. आणि निदान उशिरा झालं तर डॉक्टर दोषी. थेट पोलिसात जा, कोटीत भरपाई मिळते. खाली ‘जनहितार्थ’. सगळंच धादांत खोटं असतं तर सोडून दिलं असतं. यात अर्धंमुर्धं खरं कालवलंय, म्हणून लिहायला बसलो.

‘काही दुखत नसताना तपासणी कशाला?’ याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईच्या टाटाबरोबर 1999 पासून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार निरोगी बायकांवर अभ्यास केला. विषय गर्भाशयमुखाचा कॅन्सर. चार गटांपैकी एकाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तो) चाचणी झाली, एका गटाची कसलीच तपासणी झाली नाही. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले : चाचणी झालेल्या सुमारे 34 हजारांत या कॅन्सरने 34 मृत्यू, न झालेल्या सुमारे 31 हजारांत 64. (तपासणी न देता एक गट नुसता बघत ठेवला, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.) सरकारी केंद्रात बहुधा व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते पाहतात. या पद्धतीचा बार्शीवाल्यांच्या अभ्यासात ठळक फायदा दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट होते. तोंडाला तर बॅटरी आणि दोन बोटं पुरतात. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, दिवसभर तंबाखूत हात असलेल्या, वर मिश्री लावणाऱ्या बाईच्या गालात आतून पांढरा चट्टा असतो, तो दुखत नाही. दुखायला लागतो तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. यात धंदा कुणाचा?

सुईबद्दल थोडक्यात. काही मोजक्या गाठींना डॉक्टर स्वतःच सुई लावत नाहीत, उदाहरणार्थ अंडकोषाच्या. यकृतासारख्या ठिकाणी सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याची उदाहरणं आहेत, पण क्वचित. स्तनाच्या गाठीत सुईमुळे आयुष्य घटतं, याला आधार नाही. लोक वर्षभर लेप लावून मग सुईला जातात आणि खापर सुईवर फोडतात.

रक्ताचं पॅकेज हाच खरा धंदा, आणि मेसेज नेमकी त्याचीच शिफारस करतो! अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात पाहतात ते सीए-125 पाळीत वाढतं, टीबीतही वाढतं, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये कित्येकदा वाढतच नाही.

आता ‘उशिरा निदान म्हणजे डॉक्टर दोषी’. कुठलीही चाचणी काही कॅन्सर हुकवते. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) नॉर्मल आली आणि आठ महिन्यांनी गाठ निघाली, एवढ्यावर निष्काळजीपणा ठरत नाही. पण बाई हाताला गाठ लागते म्हणून आली, मॅमोग्राफी नॉर्मल दिसली आणि सोनोग्राफी नाही, सुई नाही, ‘काही नाही, जा’ म्हणून परत पाठवली, तर प्रश्न विचारायला जागा आहे. साधारण कुशल डॉक्टरने केलं असतं ते केलं नाही आणि त्यामुळे नुकसान झालं, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. दुसरी अवघड असते.

म्हणून वकिलाआधी कागद. दाखल रुग्णाचे कागद मागितल्यावर 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. बायोप्सी झाली असेल तर नुसत्या रिपोर्टवर थांबू नका, ब्लॉक आणि स्लाइड मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचा तुकडा, वर नंबर असलेली छोटीशी प्लॅस्टिकची डबी. सिद्धेश्वर एक्सप्रेसने टाटाला निघालेल्यांच्या पिशवीत ती असतेच, कारण तिथे निदान पुन्हा पाहतात. निदान चुकलं होतं का, हे कुणाच्या मतापेक्षा त्या मेणातून जास्त कळतं.

राहिला एफआयआर. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. पैशांच्या भरपाईचा रस्ता ग्राहक आयोगाचा. उपचार पुण्यात किंवा हैदराबादेत झाले असले तरी तुम्ही राहता त्या सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. हॉस्पिटलला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट, नुसता केसपेपरचा किरकोळ आकार, ते सरकारी रुग्णालय सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानुसार ग्राहक कायद्यात येत नाही. तिथे दिवाणी न्यायालय. डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, पण तिथे भरपाई मिळत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

कोटीत भरपाई मिळाल्याचं उदाहरण खरं आहे, पत्नीच्या उपचारांवरून कोलकात्याच्या डॉक्टरांविरुद्ध लढलेल्या, अमेरिकेत राहणाऱ्या डॉ. कुणाल साहा यांचं. पण ते प्रकरण कॅन्सरचं नव्हतंच. पत्नीचा मृत्यू 1998 मध्ये, सुमारे 6 कोटींचा निकाल 2013 मध्ये, आणि हिशेब अमेरिकेतल्या कमाईवर. मेसेज पाठवणाऱ्याने ही पंधरा वर्षं गाळली आणि त्याहून वाईट म्हणजे मुदतही गाळली : ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.