मोठी टाकी म्हणजे जास्त दाब? नाही!

‘वरच्या मजल्यावर पाणी बारीक येतंय? ५०० लिटरची टाकी काढून १००० ची बसवा, दाब दुप्पट होईल’ असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे चूक आहे. कृपया यावर विसंबून पैसे घालवू नका.

दाब लिटरवर नाही, उंचीवर ठरतो. टाकीतली पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर वर असेल तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोचा दाब मिळतो. गच्चीच्या स्लॅबवरच टाकी असेल, तर तिच्या लगेच खालच्या, म्हणजे सर्वात वरच्या मजल्यावरच्या शॉवरला जेमतेम दोन मीटर उंची मिळते. म्हणूनच तळमजल्यावर धो धो आणि वर धार बारीक. नवी टाकी आकाराने जुनीपेक्षा उंच असेल तर भरलेली असेपर्यंत किंचित फरक पडेल, बस्स.

खर्च करण्याआधी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. आमच्याकडे तिच्यात वाळूचे कण आणि पांढऱ्या क्षाराचा थर निघाला. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली आणि सकाळी बादली भराभर भरली. मग वॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, ते बघा. टाकीतून निघणारी मुख्य लाइन अर्ध्या इंचाची असेल तर ती एक इंचाची करा, एल्बो (पाइप वळवणारे जोड) कमी ठेवा. पाइप बारीक केल्याने पाणी वाढत नाही, उलट घटतं.

टाकी चौथऱ्यावर चढवणं खरंच उपयोगी आहे. पण १००० लिटर म्हणजे एक टन वजन, त्यामुळे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.