दुष्काळ पडला म्हणून यंदा ख्रिसमस ट्री संपत नाहीत

"अमेरिकेत दुष्काळ पडलाय, यंदा ख्रिसमस ट्री मिळणार नाहीत, मिळाली तरी सुकलेली असतील, आणि तसंही ही शेती फार पाणी खाते" असा मेसेज फिरतोय, शेतकऱ्याचं खरं नुकसान त्यात कुठेच नाही म्हणून लिहितोय.

आधी ते "यंदा मिळणार नाहीत". सहा-सात फुटी झाड व्हायला साधारण ७ ते १० वर्षं लागतात, म्हणजे या डिसेंबरला तोडायचं झाड कधीचं रुजलेलं असतं, मुळं खोल गेलेली, एखादा कोरडा उन्हाळा ते बहुतेक वेळा काढतं. मरतं ते त्याच वर्षी लावलेलं रोप, कारण त्याची मुळं वरच्या वीतभर मातीत असतात आणि ती माती सुकली की विषय संपला. २०२१ च्या जूनअखेर अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात दुष्काळात वरून उष्णतेची लाट आली, पोर्टलंडला पारा ४६ अंशांच्या वर गेला, तेव्हा नवी रोपं ढिगाने गेली आणि मोठ्या नोबल फरची (ही ख्रिसमस ट्रीचीच एक जात) कोवळी फूट भाजून लाल पडली. त्या मेलेल्या रोपांची तूट बाजारात दिसायची ती २०२८ नंतर! २०१७ च्या आसपास झाडं कमी पडली त्याचंही मोठं कारण जुनंच होतं, २००८ च्या मंदीनंतर लागवडच कमी झाली होती.

पाणी खाते म्हणे. अहो, ओरेगॉनमधले बहुतेक मळे कोरडवाहू आहेत, हिवाळ्यातल्या पावसाची जमिनीत मुरलेली ओल उन्हाळाभर पुरवायची, आणि म्हणूनच रोपं डोळ्यासमोर माना टाकतात तेव्हा शेतकऱ्याला काही करता येत नाही.

सुकलेल्या झाडांचं म्हणाल तर झाड खरं सुकतं ते तोडल्यावर. घरी आणलं की बुंध्याची इंचभर चकती कापा, लगेच पाण्यात ठेवा, पाणी संपू देऊ नका. आतल्या जुन्या सुया तर दर शरदात गळतातच.

दुष्काळ वाढ खातो हे मात्र खरंय, पण तेही उशिरा, कारण फरचे डोळे (नव्या फुटीच्या कळ्या) आदल्या उन्हाळ्यात बनतात म्हणून यंदाच्या कोरडेपणाने पुढच्या वर्षीचा शेंडा आखूड निघतो, तोडणी वर्षभर पुढे जाते आणि तेवढी छाटणी नि मजुरी अंगावर. वर मेलेल्या रोपांच्या नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावायची, त्या पुन्हा शून्यापासून, शेजारचं झाड गुडघ्याएवढं झालेलं असताना.