फिल्म वाकते हे खरे, पण जोडांचे आणि लोहाचे काय?

कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, फिल्ममुळे लवचिक इलेक्ट्रोडसाठी इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक वीजवाहक पदार्थाची गरज लवकरच संपेल, हे एका लेखातील विधान मला घाईचे वाटते. ऑक्साइडचा थर ठिसूळ असल्याने दोन-तीन टक्के ताणातच त्याला भेगा पडतात आणि नळ्यांचे जाळे मात्र वाकवले तरी अखंड राहते, हे मान्यच आहे. पण त्या जाळ्यातून वाहताना विजेला एका नळीवरून दुसरीवर उडी घ्यावी लागते आणि बहुतेक रोध त्या जोडांपाशीच असतो. त्यातच एकभिंती (कार्बनच्या एकाच थराची भिंत असलेल्या) नळ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच धातूसारख्या, म्हणजे वीज सहज वाहून नेणाऱ्या, असतात.

गाळून फिल्म करण्याची पद्धत मी हाताळली आहे. साबणासारख्या द्रव्याच्या मदतीने पाण्यात विखुरलेले, शाईसारखे काळे मिश्रण सेल्युलोज एस्टरच्या पडद्यातून ओढून घ्यायचे, भरपूर पाण्याने धुवायचे, थर प्लास्टिकवर दाबून बसवायचा आणि ॲसिटोनमध्ये पडदा विरघळवायचा. धुण्यात आळस केला, की नळ्यांवर उरलेला साबण जोड बिघडवतो आणि दिवसभराची मेहनत वाया जाते.

लेखात नसलेली आणखी एक गोम अशी, की नळ्या वाढवताना वापरलेल्या लोहाचे कण त्यांत उरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या अभिक्रियेला तेच चालना देऊ शकतात, त्यामुळे हे पेरॉक्साइड ओळखण्यासाठी नळ्यांपासून केलेल्या संवेदकाच्या कामगिरीचे श्रेय चुकून नळ्यांना मिळते. सुपरकपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज झटपट साठवणाऱ्या आणि सोडणाऱ्या साधनात, या फिल्म उपयोगी आहेत, या मुद्द्यावर मात्र मी लेखकाशी सहमत आहे, कारण तिथे पारदर्शकता लागत नाही, जाड थर चालतो आणि खालचा धातूचा पत्राही वगळता येतो.