पोकळ म्हणजे फसवणूक? एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार. ब्राँझच्या ओतकामावरच्या माझ्या मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा चिडलो. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, याला दोन ओळींत उत्तर देणं बरं नव्हे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की पूर्णाकृती पुतळ्याची भिंत सहा-सात मिलिमीटर जाड असते. त्यावर तुम्ही लिहिलंत, "म्हणजे आतून पोकळ! पत्र्याचा डबा, आणि त्याचं एवढं कौतुक? आमच्या देवघरातला बाळकृष्ण मुठीएवढा आहे, पण हातात घेतला की कळतं. जुन्या लोकांनी भरीव ओतलं म्हणून टिकलं. आता पोकळ ओततात, मग मालवणला झालं तसं होतं. आणि लेखात पंचधातू हा शब्द एकदाही नाही. कांस्य म्हणायचं सोडून ब्राँझ, आणि पितळेच्या समईलाही ब्राँझच! लेखक कधी भट्टीजवळ उभे तरी राहिलेत का?"

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

हो, उभा राहिलोय. चित्रकला महाविद्यालयात शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एका म्हाताऱ्या गृहस्थांचं मुखशिल्प केलं होतं. ओतायला एका छोट्या कारखान्यात दिलं. तेव्हा माझं मत थेट तुमच्यासारखंच होतं. ओतकामात आधी मेणाची प्रत करतात, तिच्याभोवती साचा होतो, मेण वितळून जातं आणि त्याच जागी धातू येतो. ती प्रत करताना मी डोक्याचा भाग पोकळ ठेवला, पण हनुवटी, मान आणि एका बाजूचा गाल आतून मेण थापून जाड केले. म्हटलं, वजन आलं पाहिजे, हातात घेतल्यावर ऐवज वाटला पाहिजे. तिथल्या वयस्कर ओतकाऱ्याने मेणात बोट घालून आतली जाडी चाचपली आणि विचारलं, "एवढं कशाला?" मी काहीतरी कलात्मक उत्तर दिलं. त्याने खांदे उडवले.

साचा फोडला तेव्हा म्हाताऱ्याच्या गालावर खळी पडली होती. चांगली अंगठा बसेल एवढी. सत्तरीच्या खडूस माणसाला शर्मिला टागोरसारखी खळी! मान कापून पाहिली तर आत स्पंजासारखी छिद्रं.

झालं होतं असं. वितळलेला धातू घट्ट होताना आक्रसतो. ब्राँझसारख्या तांब्याच्या मिश्रधातूंचं आकारमान त्या वेळी चार-पाच टक्क्यांनी घटतं. पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग मागून. जाड भाग थिजायला लागतो तोवर आजूबाजूचा धातू घट्ट झालेला असतो, नवा रस यायची वाट बंद. मग तो स्वतःच्याच पोटातून घेतो. पोटात पोकळी पडते नाहीतर वरचं कातडं आत ओढलं जातं. म्हणजे मी भरीव करायला गेलो आणि भलत्या ठिकाणी पोकळ करून बसलो. सगळीकडे सारखी सहा मिलिमीटर भिंत असती तर गाल गालासारखा आला असता.

तुमच्या बाळकृष्णाला हे का लागू होत नाही? तो मुठीएवढा आहे म्हणून. लहान मूर्ती सगळीकडून झटपट थिजते, आणि जी काही ओढ बसते ती धातू ओतायच्या तोंडाशी बसते. ते तोंड नंतर कापूनच टाकायचं असतं.

आता वजनाचं बघा. माणसाचं आकारमान साधारण ७० लिटर धरू. ब्राँझचा एक लिटर भरतो पावणेनऊ किलोच्या आसपास. म्हणजे माणसाएवढा भरीव पुतळा सहाशे किलोंच्या वर जाईल. तोच सहा मिलिमीटर भिंतीचा केला तर शंभराच्या आत बसतो, कपड्यांच्या चुण्या धरल्या तर थोडा वर. वरचे पाचशे किलो तांबं-कथील कोणाला दिसणार नाही, पुतळ्याला ताकद देणार नाही, उलट वर सांगितलं तशी खोड काढेल. आणि त्याचं बिल गावच्या वर्गणीतून जाईल.

पण तुमच्या म्हणण्यातला एक भाग बरोबर आहे, तो मान्य करतो. भरीव ओतकामाची आपली परंपरा मोठी आहे. शिल्पशास्त्रात तिला 'घन' म्हणतात. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैत कावेरीच्या गाळाच्या मातीत आजही देवमूर्ती भरीवच ओततात. मधमाशीचं मेण, राळ आणि तेल यांच्या मिश्रणात मूर्ती घडवायची, वर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचं, राहिलेल्या जागेत धातू ओतायचा. आपल्याकडचं उदाहरण त्याहून कितीतरी जुनं आहे. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. ही जनावरं भरीव आहेत. हजारो वर्षांपूर्वी नगर जिल्ह्याच्या मातीत कोणीतरी एवढा रस एका दमात ओतला, हे मला अजूनही नीट पचत नाही.

मात्र त्याच शिल्पशास्त्रात दुसरा शब्दही आहे, 'सुषिर'. म्हणजे पोकळ. पोकळ ओतणं हा काही अलीकडच्या कंत्राटदारांचा शोध नव्हे. बिहारात सुलतानगंजला १८६१-६२ च्या सुमारास रेल्वेचं काम चालू असताना तांब्याचा बुद्ध सापडला, तो आता बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. उंची सव्वादोन मीटरच्या वर, वजन पाचशे किलोंच्या वर, वय चौदा-पंधराशे वर्षं. वरचाच हिशेब लावून बघा. माणसाहून एवढा मोठा बुद्ध भरीव असता तर टनाच्या पुढे गेला असता. तो मातीच्या गाभ्याभोवती ओतलेला आहे. बस्तरचे घडवा कारागीर तर मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळूनच आपलं काम करतात. आणि पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, विनायकराव करमरकरांचा, १९२८ सालचा? माझगाव गोदीत ओतलेला. एकसंध ओतला म्हणून त्याची ख्याती आहे. तोही पोकळच. त्याला पत्र्याचा डबा म्हणायची आपली कोणाची छाती आहे का?

उलट मी म्हणेन, भरीवपेक्षा पोकळ ओतणं अवघड. भरीव मूर्तीला बाहेरचा एक साचा पुरतो. पोकळीला बाहेरचा साचा आणि आतला गाभा असे दोन लागतात, आणि त्या दोघांमध्ये सहा मिलिमीटरची फट सगळीकडे सारखी राहावी लागते. कारखान्यात गाभ्याला कोर म्हणतात. पोकळ मेणाच्या प्रतीत प्लास्टर आणि विटांची भुकटी कालवून ओतली की कोर तयार होतो. पण पुढे भट्टीत मेण वितळून निघून गेलं की हा कोर अधांतरी! त्याला कशाचाच आधार नाही. म्हणून आधीच मेणातून आरपार खिळे ठोकून ठेवतात. खिळ्याचं एक टोक कोरमध्ये, दुसरं बाहेरच्या साच्यात. कुठे किती खिळे मारायचे, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. माझ्यासमोर एकदा दोन खिळे कमी पडले आणि कोर सरकून साच्याला टेकला. एका घोड्याच्या पोटाला डाव्या बाजूने दुप्पट जाड धातू आणि उजव्या बाजूला भगदाड. तीन आठवड्यांचं काम. कोणी काही बोललं नाही, चहा आला, आणि भगदाडापुरतं मेण पुन्हा थापायला घेतलं. तो तुकडा वेगळा ओतून वेल्डिंगने बसवला. आज तो घोडा एका चौकात उभा आहे आणि जोड कुठे आहे ते मलाही बघून सांगता येणार नाही.

मागच्या लेखात मी शिल्पकारावर तीन परिच्छेद लिहिले आणि कोर भरणाऱ्यावर अर्धी ओळ. तुम्ही त्यावर टीका केली असतीत तर मी निमूट मान खाली घातली असती.

आता मालवण. ४ डिसेंबर २०२३ ला राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्या दिवशी तुमच्याइतकंच माझंही डोकं फिरलं होतं. पण कारण पोकळपणा नव्हे. नेमलेल्या समितीने गंज, सदोष वेल्डिंग आणि आतल्या सांगाड्याच्या रचनेवर बोट ठेवलं. उंच पुतळ्यात बाहेरचं ब्राँझ हे कातडं असतं, भार पेलतो तो आतला पोलादी सांगाडा. आणि समुद्राकाठी इथेच मेख आहे. खाऱ्या ओलाव्यात लोखंड आणि तांब्याचा मिश्रधातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते, आणि त्या बॅटरीत बळी जातो लोखंडाचा.

हे दुखणं जुनं आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेची तांब्याची कातडी जेमतेम २.४ मिलिमीटर आहे. ती ओतलेली नाही, आपल्या पुण्याच्या तांबट आळीत भांडी घडवतात तशी ठोकून घडवलेली आहे. १८८६ पासून भर समुद्रात उभी आहे आणि कातडी ठणठणीत आहे. खराब झाल्या त्या आतल्या लोखंडी पट्ट्या. तांबं आणि लोखंड टेकू नयेत म्हणून मध्ये अस्तर घातलं होतं, ते काळाने निकामी झालं. १९८४ ते १९८६ मध्ये त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. तेव्हा भिंत किती जाड, हा प्रश्न दुय्यम. आत काय आहे, ते कशाला टेकलंय आणि पावसाचं पाणी आत शिरलं तर बाहेर पडायला वाट आहे का, हे विचारा. कोरची माती आत तशीच राहिली तर ती ओल धरून ठेवते. आत विसरलेला एखादा खिळा दहा वर्षांनी पुतळ्याच्या अंगावरून तांबडा ओघळ काढतो. एखाद्या पुतळ्याच्या काखेत किंवा घोड्याच्या पोटाखाली असा ओघळ तुम्हीही पाहिला असेल.

पंचधातूचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे भांडण लावायची माझी इच्छा नाही. सोनं, रुपं, तांबं, पितळ, शिसं अशी एक यादी आहे, आणखीही आहेत. चोळकालीन मूर्तींचं रासायनिक पृथक्करण झालंय. त्यात तांबं, कथील आणि शिसं हेच मुख्य, सोनं-रुपं असलं तर नाममात्र. शिशाने रस पातळ होतो आणि बोटांच्या टोकांपर्यंत पोचतो. यजमानाने मुशीत अंगठीतलं गुंजभर सोनं टाकलं तर ती श्रद्धा. मी तिच्याआड येणार नाही, पण त्याने धातू बदलत नाही.

मी 'कांस्य' न लिहिता 'ब्राँझ' लिहितो यावर तुम्ही नाक मुरडलंय. त्याला कारण आहे. मराठी घरात कासं म्हटलं की काशाची वाटी आठवते, तळपायाला तूप लावून घासायची. त्यात कथील शेकडा वीसच्या वर असतं, म्हणून ती टणक, नादमय आणि ठिसूळ. पडली की फुटते. पुतळ्याच्या ब्राँझमध्ये कथील दहाच्या आसपास किंवा कमीच. आपल्याकडच्या कारखान्यांत बरेचदा ८५ भाग तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच भाग असा माल वापरतात. तो धड कासं नाही की पितळ नाही. मात्र मागच्या लेखात एका ठिकाणी मी पितळेच्या समईला ब्राँझची म्हटलं होतं. ती सरळ चूक. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुरुस्त केली आहे, आभार.

आणि 'जुने लोक' म्हणालात म्हणून एक राहवत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' सिद्ध केला. जुन्या मराठीतली पद्यं ज्यात सापडतात तोच हा ग्रंथ. त्यात मूर्ती ओतायची पूर्ण कृती आहे: मातीत जळका कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडं मीठ घालून पाट्यावर वाटायचं, मेणावर तीन थर द्यायचे, पहिला पातळ आणि सावलीत वाळवायचा. त्याआधी मेण तोलून ठेवायचं. तांब्या-पितळेची मूर्ती असेल तर मेणाच्या आठपट धातू, रुप्याची असेल तर बारापट, सोन्याची असेल तर सोळापट. मी गेलो त्या कारखान्यातही मेणाच्या गोळ्यासाठी तराजू होता, भाजीवाल्याचा असतो तसला, आणि भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं 'मेण × १०'. आठाऐवजी दहापट, कारण धातू आत जायच्या नळ्यांचंही धरावं लागतं.

आता तुमचा बाळकृष्ण. एकदा त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. मग काठोकाठ भरलेल्या पेल्यात दोऱ्याने पूर्ण बुडवा आणि सांडलेलं पाणी तोला. मूर्तीच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागा. साडेआठच्या आसपास आकडा आला तर मूर्ती खरोखरच भरीव. लहान मूर्तींच्या पोटातही मातीचा गाभा राहिलेला मी पाहिलाय. तसं असेल तर आकडा सहा-सातवर येईल. एवीतेवी अभिषेक होतोच, त्याच वेळी करून टाका. गुडघ्याखाली कानस फिरवल्याची खूण दिसतेय का, तेही बघा, धातू तिथूनच आत गेला असणार.

आकडा इथेच खाली कळवा. सहा आला तरी कळवा, मी हसणार नाही.