फायरमनला ५७ ला घरी पाठवणार? आधी नीट वाचा भो
जळगाव-भुसावळच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, "फायर ब्रिगेडवाल्यांना आता ५७ ला सक्तीची रिटायरमेंट, नवीन नियम लागू", आणि खाली हात जोडलेले इमोजी. तर भो, नियम खरा आहे पण तो अमेरिकेचा आहे, तोही फक्त तिथल्या केंद्र सरकारच्या फायरमनला, आणि नवीन तर अजिबात नाही. त्यातही २० वर्षं सर्व्हिस झालेली पाहिजे, नसेल झाली तर ती पूर्ण होईपर्यंत माणूस कामावर राहतो, आणि खात्याच्या प्रमुखाला गरज वाटली तर तो ६० पर्यंत ठेवू शकतो. मेसेजमध्ये हे सोयीस्कर गाळलंय. तिथल्या शहरांच्या फायर ब्रिगेडला तर हा नियम आपोआप लागतच नाही, १९८५ ला बाल्टिमोरच्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलं होतं.

आपल्याकडे बंब नगरपालिका-महापालिकेचे. राज्याच्या पेन्शन नियमात साधारण ५८, चतुर्थ श्रेणीला ६०. अमेरिकेचा आकडा इथे कुठून येणार? ज्याची रिटायरमेंट जवळ आलीये त्याने सर्व्हिस बुक काढून जन्मतारीख बघावी आणि आस्थापना विभागात विचारावं, फॉरवर्ड वाचून पीएफचा हिशोब मांडत बसू नये.