अंतर एकच, वेळा दोन

कुठल्याही दोन शहरांच्या विमानतळांमधलं अंतर नेटवर शोधा. इतके किलोमीटर, इतके तास, असं उत्तर लगेच हजर. किलोमीटरबद्दल माझी तक्रार नाही. अक्षांश-रेखांश ठाऊक असले की पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वांत जवळचं अंतर गणिताने निघतं. नकाशावर ती वाट कमानीसारखी वाकलेली दिसते, तो दोष सपाट कागदाचा. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, बरोबर त्याच वाटेवर बसतो.

माझा राग आहे शेजारी छापलेल्या तासांवर. बऱ्याच साइट अंतराला ताशी 800-900 किलोमीटरने भागतात, वर अर्धा तास चढवतात आणि जाण्यायेण्याला तीच वेळ चिकटवून मोकळ्या होतात. जणू वर वारा नाहीच!

दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. न्यूयॉर्क ते लंडन साधारण 5,550 किलोमीटर. पूर्वेला जाताना साडेसहा-सात तास, परतताना साडेसात-आठ. फेब्रुवारी 2020 मध्ये कियारा वादळाच्या वेळी एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर! (नाही, विमान ध्वनीपेक्षा वेगाने गेलं, ध्वनीची भिंत फुटली, असं काही झालं नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.)

'जाताना वाचलं, येताना गेलं, हिशेब बरोबर' असं कोणी म्हणेल. तसंही होत नाही. 6,000 किलोमीटर, विमानाचा वेग 900, वारा 150 धरा. वाऱ्यासोबत 5 तास 43 मिनिटं, वाऱ्याविरुद्ध 8 तास. वारा नसता तर दोन्ही मिळून 13 तास 20 मिनिटं लागली असती, आता 13 तास 43 लागतात. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. येऊन-जाऊन वारा नेहमी तोट्याचाच.

शिवाय त्या सरळ वाटेने जाऊ दिलं पाहिजे ना! 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेराच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत.

जवळच्या प्रवासात वाऱ्यापेक्षा जमीनच जास्त वेळ खाते. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, उतरण्याआधीच्या घिरट्याही आल्या. कंपन्या त्यात वर थोडी सैल वेळ घालतात आणि मग 'आपण वेळेआधी पोहोचलो' असं कौतुकाने सांगतात. याला सुंदर अपवाद म्हणजे स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं उड्डाण. अंतर 2.7 किलोमीटर, वेळ दोनेक मिनिटांची, विक्रम 53 सेकंदांचा.

म्हणून मला कोणी विचारलं की मी थेट वेळापत्रक बघायला सांगतो. दोन्ही बाजूंचं, आणि ज्या महिन्यात जायचं त्याच महिन्याचं. त्यातल्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, तेवढा फरक हिशेबात धरायचा. आणि विमानतळ नक्की कुठे आहे तेही बघून घ्या. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे.